दाजींचा कठडा

ज्या वस्तूला आपण स्वतः एकदा धडकून पाहिलेलं नाही, ती वस्तू जगात आहे यावरच आमच्या दाजींचा विश्वास नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारात मडकं घेताना टिचकी सगळेच मारतात. दाजी ट्रंक घेताना तिच्यावर उभे राहत, पलंग घेताना त्याच्यावर बसण्याऐवजी आदळत, आणि कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले की सत्यनारायणाला नमस्कार करण्याआधी जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवत. अक्काला पाहायला आले तेव्हा त्यांनी मुलीकडे किती पाहिलं हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. बसायला दिलेली खुर्ची मात्र त्यांनी आधी हलवली, मग गुडघा टेकून दाबली आणि मगच ते बसले, हे वडील शेवटपर्यंत सांगत. वडिलांना तो आपल्या घराण्याचा अपमान वाटला होता. पण दाराआडून अक्का हसली, आणि ते हसणं बैठकीत ऐकू गेलं, त्यामुळे पुढची बोलणी सोपी झाली. लग्न ठरल्यावर आठच दिवसांत दाजी पुन्हा आले, मुलीशी एक शब्द न बोलता ती खुर्ची घेऊन गेले, आणि परत आणून दिली तेव्हा तिला चारी बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारलेल्या होत्या. ती खुर्ची आजही आहे. उचलायला दोन माणसं लागतात.

जालन्यात त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. गावात लोखंडाच्या गिरण्या असल्यामुळे माल स्वस्त मिळे, आणि दाजी तो सढळ हातानं वापरत. दुसऱ्याच्या दुकानात ज्या वजनात तीन फाटकं निघत त्यात दाजींचं एक निघे. माझ्या घराला त्यांनी प्रेमानं फाटक करून दिलं. ते बसवल्यापासून चोराची भीती गेली हे खरं, पण पाहुणेही येईनासे झाले, आणि दूधवाला लांबूनच हाक मारून रस्त्यावर थांबू लागला. मी तक्रार केली तर दाजी म्हणाले, "प्रोफेसर, फाटक उघडायला तरास होऊन राह्यला म्हंजे ते फाटक हाय. न्हाई तर पडदा लावायचा." मी कॉलेजात इतिहास शिकवतो. जगातले अनेक किल्ले याच विचारानं बांधले गेले असावेत असं मला तेव्हापासून वाटतं.

एवढा लोखंडावर विश्वास असलेला माणूस वाहनात बसला की मात्र पार बदलून जाई. दाजींना गाडी चालवता येत नव्हती, पण गाडी थांबवायची जबाबदारी आपलीच आहे अशी त्यांची खात्री होती. एसटी असो, जीप असो, की कुणाची नवी मोटार, दाजी उजवा पाय पुढे ताणून बसत आणि समोर म्हैस, वळण किंवा नुसती सावली दिसली तरी तळाची फळी करकचून दाबत. त्यांच्या उजव्या चपलेचा पुढचा भाग डाव्या चपलेच्या कितीतरी आधी झिजे. अक्का यावर त्यांना मनसोक्त टोमणे मारी. "ड्रायव्हरला घरी बसवा, हे एकटेच गाडी थांबवतेत," असं भर जीपमध्ये सांगे. सगळे हसत. दाजीही हसत, पण पाय काढत नसत.

या पायाचं खरं कारण एक विहीर होती. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिची बदली भोकरदनच्या बाजूला, केदारखेड्याच्या पलीकडच्या एका गावात झाली, आणि रोज काळ्या-पिवळ्या जीपमधून जाणं-येणं सुरू झालं. त्या गावाकडे फुटणाऱ्या रस्त्यावर एक उताराचं वळण होतं, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला, डांबरापासून चार पावलांवर, काठ नसलेली भली मोठी विहीर. जीपमध्ये माणसं आत, मागे आणि टपावर. ड्रायव्हर अर्धा बाहेर. अशी जीप दिवसातून दोन वेळा अक्काला घेऊन त्या विहिरीला वळसा घाली. विहीर ज्यांची होती त्या आबांची मोसंबीची बाग तिच्यावर जगत होती, त्यामुळे ती बुजवायचा प्रश्नच नव्हता. दाजी पहिल्याच दिवशी अक्काला सोडायला म्हणून गेले, ते वळण पाहिलं, आणि त्या रात्री जेवले नाहीत. बदली रद्द करून घे, असं ते म्हणाले नाहीत. तसं म्हटलं असतं तर अक्कानं ऐकलंही नसतं. ते दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले.

तिथल्या उपअभियंता साहेबांनी त्यांना बसवून घेतलं, चहा दिला, आणि वळणावर मजबूत कठडा बसवून द्यायची, तोही पदरमोड करून, ही दाजींची इच्छा शांतपणे ऐकून घेतली. मग अशा वेळी कचेरीत जे बोलायची पद्धत आहे ते बोलले. म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण तुमचा कठडा भरलेला ट्रक अडवील याची चाचणी झालेली आहे का? हा प्रश्न माणसानं घरी जावं म्हणून विचारलेला असतो. आपल्याकडे शहाणा माणूस तो ऐकून घरी जातोही. दाजींनी तो प्रश्न आहे असंच समजून घेतला. "बराबर हाय साहेब," म्हणाले, "करतो." साहेबांनीही हसून मान डोलावली. पुढे वर्षभरात त्या मान डोलावण्याचा त्यांना बराच पश्चात्ताप झाला असणार.

ट्रकला अडवायचं तर ट्रकच पाहिजे, असं म्हणून दाजींनी भंगारातल्या ट्रकांच्या चेसिस, म्हणजे तळाचे लोखंडी सांगाडे, आणल्या आणि त्यांचेच खांब आणि आडवे तुळयांसारखे दांडे करून दुकानामागच्या मोकळ्या जागेत कठडा उभा केला. धडक द्यायला, अजून चालू असलेला पण विकायला कुणी धजत नसलेला एक म्हातारा ट्रक मिळवला. धडक देणार होते उस्मानभाई, दाजींचे लहानपणापासूनचे मित्र, हैदराबादपासून इंदूरपर्यंत ट्रक नेलेला आणि आयुष्यात कुणाला ओरखडा न काढलेला ड्रायव्हर. सगळा घोटाळा तिथंच झाला. उस्मानभाई लांबून वेग घेत, धूळ उडे, बघे मागे सरत, आणि कठड्यापासून हातभर अंतरावर ट्रक अलगद येऊन थांबे. पुन्हा लांब नेत, पुन्हा अलगद. कठड्याला धूळसुद्धा लागेना. दाजी संतापले. उस्मानभाई खाली उतरून कपाळ पुसत म्हणाले, "मैं क्या करूँ मियाँ, दिल तो ठोकने कू तय्यार है. पाँव सुनताच नै." ब्रेकच काढून टाकू, असं दाजींनी सुचवलं. बिनब्रेकच्या गाडीत मी जनाजा म्हणूनसुद्धा बसणार नाही, असं उस्मानभाईंनी कळवलं. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याचा पाय सतत ब्रेकवर, आणि ज्याला येते त्याचाही ब्रेकवरच. या दोघांनी मिळून टक्कर घडवायची होती. महिनाभरात कठड्याला एकच धडक बसली, ती शेजारच्या म्हशीची. तिलाही नुसती पाठ घासायची होती.

शेवटी असं ठरलं की ट्रकात कुणीच बसायचं नाही. आबांच्या शेतालगत उताराचा माळ होता. त्याच्या पायथ्याशी कठडा रोवायचा, माथ्यावर दगडांनी भरलेला ट्रक उभा करायचा, स्टेअरिंग दोरीनं आवळून टाकायचं आणि चाकाखालचा दगड काढायचा. हे चार माणसांत उरकलं असतं. पण गावात बातमी गेली, आणि आपल्याकडे बातमी गेली की मंडप येतो. पंचायत समितीच्या सभापतींना बोलावणं गेलं, उपअभियंता साहेबांना नाही म्हणता येईना, लाऊडस्पीकर आला, हार आले, कठड्याला लाल फीत बांधली गेली. धडक बसायच्या आधी कठड्याचं उद्‌घाटन होणार होतं. नारळही कठड्यावरच फोडला, आणि फुटल्यावर सगळे टाळ्या वाजवत असताना दाजी वाकून लोखंडाला पोचा आलाय का ते पाहत होते.

त्या माळावर एकच लिंबाचं झाड होतं, आणि ते कठड्याच्या बरोबर मागे. मंडपवाल्यानं सावली पाहून तिथंच कनाती लावल्या, पुढं सभापतींचा सोफा आणि मागे खुर्च्या मांडल्या. म्हणजे वरून ट्रक सुटणार, मध्ये कठडा, आणि कठड्याला जवळजवळ गुडघे लावून प्रमुख पाहुणे. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. साहेबांनी बसण्यापूर्वी सहज विचारलं की इथं धोका तर नाही. दाजी म्हणाले, "साहेब, कठड्याच्या मागं धोका कसा? त्याच्यासाठीच तर केला." या युक्तिवादात चूक काढणं अवघड होतं, म्हणून साहेब बसले. प्राध्यापक असल्यामुळे मला दुसऱ्या ओळीत मानाची खुर्ची मिळाली. सभापतींनी भाषणात रस्त्यांचा विकासाशी आणि विकासाचा स्वतःशी असलेला संबंध उलगडून दाखवला. दाजी माळाच्या माथ्यावर, उस्मानभाईंच्या शेजारी, दगडाला हात लावून उभे होते. इतका निश्चिंत माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या लोखंडापलीकडे सभापती होते, साहेब होते, सगळं गाव होतं, मेहुणा होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती.

भाषण संपता संपता शाळा सुटली. रस्त्यावर जीप थांबली, अक्का उतरली, खांद्याला पिशवी, हातात छत्री, आणि मंडपात येऊन शेवटच्या ओळीतल्या एका खुर्चीवर बसली. सभापतींनी हात वर करून खूण केली. ट्रक हलला नाही. पुन्हा खूण केली. वर पाहिलं तर दाजी दगड सोडून उतारावरून खाली येत होते. आशीर्वाद घ्यायला येताहेत असं वाटून सभापती सावरून बसले. दाजी त्यांच्या शेजारून गेले, साहेबांच्या शेजारून गेले, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि अक्कापाशी येऊन उभे राहिले. चारचौघांत ते तिला गावासारखं बाईच म्हणत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही जरा रस्त्यावर जाऊन उभ्या राहा."

"का?" अक्का म्हणाली. "सगळे बसलेत की हितं."

"ते बसू द्या."

साहेबांनी मान वळवून आधी दाजींकडे, मग कठड्याकडे, मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. अक्कानं पिशवी मांडीवर घेतली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "तुमचा भरोसा हाय का न्हाई त्या कठड्यावर? असंल तर मी बसते. नसंल तर ह्या समद्यांना उठवा."

दाजींनी एकदा कठड्याकडे पाहिलं. सगळं आयुष्य लोखंडाच्या बाजूनं बोलत आलेला माणूस होता, आणि ऐकायला अख्खं गाव होतं. ते वळले, माइकपाशी गेले, आणि खाली बघत म्हणाले, "भरोसा हाय. पण उठा सगळे."

एवढी ओजस्वी सभा इतक्या लवकर बरखास्त झालेली मी दुसरी पाहिली नाही. सोफा तेवढा राहिला. मग उस्मानभाईंनी वरून दगड काढला, ट्रक आधी आळसावल्यासारखा आणि मग एकदम जोरात सुटला, आणि जो आवाज झाला तो ऐकून लिंबावरचे सगळे पक्षी केदारखेड्याच्या दिशेनं उडाले. धूळ बसल्यावर पाहिलं. ट्रक थांबला होता. कठडा तुटला नव्हता, पण धनुष्यासारखा मागे वाकला होता, आणि सभापतींचा सोफा उताणा पडला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी दाजींच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की तुमचा कठडा पास, पण तो वाकतो. विहिरीच्या काठावर रोवून उपयोग नाही, मागे वाकायला जागा ठेवा. ही अक्कल दाजींना सुचली नव्हती, आणि ती दिल्याबद्दल ते साहेबांना पुढे कायम मानत. त्या जागेपायी आबांच्या विहिरीकाठचं मोसंबीचं एक झाड गेलं. आबांनी ते स्वतः तोडलं, आणि त्याच्या मोसंब्या शाळेत वाटल्या.

चाचणी झाली त्या संध्याकाळी आम्ही तिघं जीपनं परत निघालो. वळण आलं, डाव्या अंगाला विहीर दिसली, आणि सवयीप्रमाणे दाजींचा पाय पुढे गेला. मी अक्काच्या टोमण्याची वाट पाहत होतो. पायापाशी ठेवलेली आपली पिशवी तिनं उचलून मांडीवर घेतली, त्यांच्या पायाला जागा व्हावी म्हणून.

कठडा वळणावर बसला आणि वर्षानुवर्षं राहिला. त्याला कुठलीच गाडी कधी धडकली नाही. बायकांनी त्यावर गोधड्या वाळत घातल्या, आबांच्या मुलांनी मोसंब्यांच्या पाट्या मांडल्या, जीपची वाट बघणारे त्याला टेकून बिडी ओढत. दाजी अधूनमधून जाऊन तो हलवून येत. एवढा मजबूत केला आणि कुणी ठोकलाच नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटे, असा मला संशय आहे. पुढं अक्का निवृत्त झाली, आबांनी बोअर घेतला, विहीर बुजली. मग रस्ता रुंद झाला आणि कंपनीचे पातळ, चकचकीत पत्र्याचे कठडे आले. ते पाहायला दाजी मुद्दाम गेले होते, काठी टेकत. बोटानं एक टिचकी मारली आणि म्हणाले, "वाजतो चांगला." त्यानंतर ते फार काळ राहिले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला अक्का आणि मी त्याच रस्त्यानं गेलो. ड्रायव्हर नवा, गाडी नवी, रस्ता सरळ केलेला. विहिरीची जागा कुठं होती हेही मला नीट ओळखता येईना. मी अक्काला विचारणार होतो. ती खिडकीतून मोसंबीच्या बागेकडे पाहत होती, तिकडे तिचं लक्ष असावं. पण खाली, लग्नाच्या नव्या चपलेतला तिचा उजवा पाय हळूच पुढे सरकला होता, आणि गाडीचा तळ तिनं घट्ट दाबून धरला होता.

मी माझी बॅग उचलून मांडीवर घेतली.