तोंड पाहण्याचा मसला

गुरुवारी दुपारी माझी पत्नी वारली. अकोल्याच्या जुन्या शहरात, तिच्या माहेरी. जनाजा उचलायची वेळ झाली, तरी तिचा भाऊ खोलीचं दार अडवून उभा होता. "मौतीनं निकाह तुटला, दुल्हेभाई. आता तुमी परके. तोंड नाही पाहता येत."

परतवाड्याला जाताना नमाजासाठी थांबलेल्या एका वृद्ध मौलवींना कुणीतरी मशिदीतून आणलं. ते बसले नाहीत. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि भावासमोर एकेक बोट मिटू लागले.

"कुराणात हाये?"

भावानं दाराची चौकट घट्ट धरली.

"पैगंबरांच्या हदीसमंदी? आलिमांच्या एकमतात? त्याच्यावरून ताडून केलेल्या कियासात?"

"आमच्या खानदानात असंच चालते."

"मंग हा खानदानाचा रिवाज झाला, शरियत नाही. सरक."

मी आत शिरताना त्यांनी माझी बाही धरली. "पाहा, बेटा. हात लावाले मात्र आपला हनफी मसलक, आपला पंथ, मना करते. दुसऱ्या मसलकात चालते, त्यायच्यापाशी बी दलील हाये, आधार हाये. तुमच्यापासून काहून लपवू?"

मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी अर्धंच सांगितलं असतं, तर निवड माझ्यावर आली नसती.

मी तिचा चेहरा पाहिला. हात पुढे नेला आणि मागे घेतला. तिचं कपाळ किती गार होतं, हे मला माहीत नाही.