गाडीच्या जाळीतलं तूस

तळेगावच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीला तपासून झाल्यावर तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलल्या, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

"बाळाची वार खाली, पिशवीच्या तोंडावर आहे," त्या म्हणाल्या. "दुखणार नाही, खुपणार नाही, एकदम रक्त जायला लागेल. तसं झालं तर कुणाला विचारत बसू नका. गाडीत घाला आणि इकडं आणा. नववा लागला की मी तिला भरतीच करून घेणार आहे, तोवर निजून राहू दे. गाडी आहे ना दारात?"

"आहे की," मी म्हणाले.

होती. पण कशी होती ते माझं मला ठाऊक.

लेकीचं सासर चाकणला. तिथं दवाखाने पायलीला पन्नास. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत, आणि रीत नसती तरी मी तिला आणलीच असती. हौस माझी. सातव्यात ओटी भरली आणि मोठ्या मिरवणुकीनं तिला वडिवळ्याला घेऊन आले, जिथं डोकेदुखीची गोळी हवी तरी कामशेत गाठावं लागतं. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. आता डोक्यात एकच भुंगा: हिला काही झालं तर मी आणलेली.

त्या दिवशी परत येताना कामशेत सोडून आमच्या रस्त्याला लागलो आणि गाडीच्या उष्णतेचा काटा वर चढायला लागला. पुढच्या झाकणातून वाफ निघाली. ह्यांनी गाडी बाजूला घेतली. लेक मागं आडवी, मी पुढं, आणि समोर वाफ. तासभर तसेच बसलो. ही वेळ आज येण्याऐवजी हिला रक्त जायला लागेल त्या दिवशी आली तर, हे मी मनात म्हणाले, आणि ह्यांच्या तोंडाकडं बघितलं तर तेही तेच म्हणत होते.

गाडी ह्यांनी परंदवडीकडच्या कारखान्यात नोकरीला असताना जुनीच घेतलेली. वाडीत दुसरी गाडी पुतण्याची, पण ती टुरिस्टची. सुट्टीच्या दिवशी हमखास लोणावळ्याला. कामशेतचा आमचा मेकॅनिक भावाच्या लग्नाला गावी गेलेला. फोनवर म्हणाला, "सोमवारी येतो काका, तोवर लांब नेऊ नका." लांब नेऊ नका म्हणे. आम्हाला काय हौस होती.

मग हे स्वतःच कामाला लागले. इंजिन तापलेलं असतानाच पाणी बघायला म्हणून रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. मी मनगट धरलं.

"हात भाजून घेतला तर गाडी कोण चालवणार? मी?"

"अगं, गोणपाट घेतलंय की हातात."

"गोणपाट ठेवा चुलीत. गार होईस्तोवर हात लावायचा न्हाई."

आणि मी पाट घेऊन गाडीपुढं राखणीला बसले. हसू येतं आता, तेव्हा आलं नव्हतं.

गार झाल्यावर बघितलं तर पाणी फार कमी झालं नव्हतं. गळती कुठं नव्हती. पाइप धड होते, पंखा फिरत होता. ह्यांनी जुनं पाणी काढून कूलंट भरलं आणि अंगणातच गाडी चालू ठेवून बघितली. काटा आधी मध्यावर, मग हळूहळू वर. पुन्हा बंद. पुन्हा गार. दोन दिवस हाच खेळ. लेक आतल्या खोलीत पडल्या पडल्या गाडीचा आवाज ऐकायची, आणि तो बंद झाला की विचारायची, "झाली का गं?" मी म्हणायची, "होतीय."

शेजारचे आबा तरुणपणी ट्रकवर होते. ते काठी टेकत आले. "मूठभर हळद टाक पाण्यात. आमी बोरघाटात लय येळा केलंय. छिद्र बंद व्हतं."

"आबा, गळतच न्हाई कुटं, तर हळद कशाला? लगीन लावायचंय का तिचं?"

आबा हसले. ह्यांना हसू आलं नाही. त्यांच्या कपाळावरची शीर मी इतक्या वर्षांत दोनदाच फुगलेली बघितली होती, दोन्ही वेळा घरात मयत होती. मी चहा ठेवायला आत गेले, कारण बाहेर उभी राहिले असते तर रडले असते.

चहा घेऊन आले तेव्हा गाडी पुन्हा चालू होती आणि काटा वर निघालेला. मी कप द्यायला गाडीच्या तोंडापाशी वाकले आणि मला वास आला. पेट्रोलचा नाही, रबराचा नाही. चुलीत तूस टाकल्यावर येतो तो, करपट, धुरकट.

"अहो, तूस जळतंय कुटंतरी."

"गाडीत कुठलं तूस?"

"मला इचारता? लगीन झाल्यापास्नं तुसाच्या चुलीवर भाकऱ्या भाजल्या मी."

गाडी बंद केली. गार झाल्यावर ह्यांनी पुढची प्लास्टिकची जाळी स्क्रू काढून सोडवली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. एसीची एक जाळी पुढं, रेडिएटरची मागं, दोन्हींमध्ये बोटभर फट. त्या फटीत भाताचं तूस, फोल, काडीकचरा, वर धूळ, असं सगळं दडपून बसलं होतं. जुनी गोधडी घालावी तसं. पंखा बिचारा फिरत होता, पण वारा आत जायलाच वाट नव्हती.

कुठून आलं ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. भात झोडपला की आम्ही अंगणात मोठा पंखा लावून वारा देतो. दाणा खाली पडतो, फोल उडून जातं. पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या ओसरीकडं केलं तर भांडण, विहिरीकडं केलं तर पाणी खराब. म्हणून दरवर्षी तोंड छपराकडं. आणि छपराखाली गाडी. इंद्रायणीचा घमघमाट घरात आणि तिची फोलपटं गाडीच्या नरड्यात. धुवून पुसून लख्ख ठेवायचे हे गाडी, पण फक्त वरून.

खराट्याचे हीर काढले. हे एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, जाळीचे पातळ पत्रे वाकू नयेत अशा बेतानं टोकरत बसलो. मग मागच्या अंगानं पाइपचं पाणी हळू सोडलं. चिखल आला, तूस आलं, एक वाळलेला नाकतोडाही आला. पण खालच्या कोपऱ्यात हीर पोचेना. तिथलं काढायचं तर अख्खा रेडिएटर उतरवायचा, आणि उतरवला नि बसला नाही तर दारात गाडीच नाही.

"ऱ्हाऊ दे तेवढं," हे म्हणाले. "सोमवारी तो उतरवंल."

अंगणात गाडी चालू ठेवली. काटा मध्यावर आला आणि तिथंच थांबला. मी आत जाऊन लेकीला सांगितलं, "झाली." पण तो खालचा कोपरा माझ्या मनातून जाईना.

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि लेकीनं हाक मारली. साधीच हाक, "आई, जरा ये." गेले तर गादीवर रक्त.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ती दुसरीकडं गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. विचारत बसू नका, हे डॉक्टरीणबाईंचे शब्द कानात होतेच. लेकीला मागच्या सीटवर आडवी केली, पायाखाली उशा, अंगाखाली घडी घातलेली गोधडी. मागं बसायला जागाच उरली नाही, म्हणून मी पुढं बसले.

"काटा तू बघ," हे म्हणाले. "मी रस्ता बघतो."

कामशेतपर्यंत नीट आलो. पुढं हायवेला लागलो आणि लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत अडकलो. हॉर्न वाजवून काय होतंय, जो तो वाजवत होता. गाडी हातभर सरकायची, थांबायची. काटा मध्यावरून हलला. मी डोळे त्याच्यावरच रोवले.

"आई, काटा कुठंय गं?" मागून लेक.

"मध्यात हाय. रक्त थांबलंय का?"

"थांबलंय."

ह्यांनी काचा खाली केल्या आणि हिटर लावला. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढून घ्यायची. पायांवर भट्टीसारखी झळ यायला लागली. काटा चढतच होता. मी देवाचं नाव घेत नव्हते, काट्याला शिव्या देत होते.

"आई, काटा?"

"मध्यात. अगदी मध्यात. तू पड निवांत. थांबलंय ना?"

"व्हय. थांबलंय."

दर थोड्या वेळानं तिचं तेच, माझं तेच. मान वळवून तिच्याकडं बघायचा धीर मला झाला नाही. काटा लाल पट्टीच्या तोंडाशी गेला आणि तेवढ्यात वडगावच्या पुढं रस्ता मोकळा झाला. गाडी धावायला लागली तसा वारा लागला आणि काटा रेघभर खाली आला.

दवाखान्यात तिला उचलली तेव्हा गोधडी पिळून काढावी इतकी भिजलेली होती. खाली सीटसुद्धा.

दार बंद झालं. मी बाकावर बसले. हे बाहेर गेले आणि गाडीचं बॉनेट उघडून तिच्यात बघत उभे राहिले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना हाक मारली नाही. खरं सांगते, त्या वेळात विहीणबाईंना काय तोंड दाखवू हेसुद्धा मनात येईना. लेक तेवढी परत दे, एवढंच.

रक्ताच्या बाटल्या चढल्या. नात झाली, आठव्यातली, मूठभर. काही दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या.

यंदा वारा द्यायच्या आधी ह्यांनी गाडी पार रस्त्यावर नेऊन लावली. लेक आली होती, नातीला घेऊन ओसरीवर बसलेली. मी सूप खाली ठेवलं आणि वर्षभर छातीत धरलेलं बोलून टाकलं.

"त्या दिवशी काटा मध्यात नव्हता गं."

"ठाऊक हाय. दोन सीटांच्या मधनं मला दिसत होता."

"मग घडोघडी इचारत कशाला होतीस?"

तिनं नातीच्या केसांत अडकलेलं तूस काढलं.

"तू बोलायची थांबलीस की माझं डोळं मिटायचं, आई."