माहेरचं हिरवं लुगडं

कन्हेरीला आमच्या गोजरआत्याकडे कुणी गेलं, की पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी ती त्याच्या पिशवीत डोकवायची. एवढी अधीर बाई मी दुसरी पाहिली नाही.

१९९१ साली ती पिवळी पडली. गावठी औषधं झाली, मग पुण्याला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, तर स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, काढता येईना. तुंबलेल्या पित्ताला दुसरी वाट करून दिली आणि पोट शिवलं. आत्याचा धाकटा भाऊ दादासो, म्हणजे माझे वडील. त्यांना बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, सहा महिने काढले तरी खूप.

आमच्यात सवाष्ण गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवतात. ऐनवेळी धावपळ नको म्हणून वडिलांनी ते बारामतीत आधीच घेतलं. पाण्याआधी वळण बांधायची त्यांची जुनी खोड. गुपचूप आत्याच्या नवऱ्याकडे, सिद्धूमामांकडे द्यायचं ठरवून आम्ही सणसरहून निघालो. पण पिशवी आत्याच्या नजरेतून सुटते होय?

"काय आणलंस रं दादा?" म्हणत तिनं लुगडं बाहेर काढलं. कुणी मान वर करेना. तिला सगळं कळलं. जरा वेळानं ती माझ्या आईला म्हणाली, "नेसीव मला. मेल्यावर कुठं दिसनार हाय, माज्या भावानं काय आणलं त्ये?"

वडील तिच्या पायाशी बसून रडले. मलाही रडू आवरलं नाही.

आत्या मात्र गेली नाही. काविळीनं सुटलेली अंगाची खाज थांबली, भाकरी गोड लागू लागली, ती शेरडांमागं हिंडू लागली. गाठ होती तिथंच होती, वाढत नव्हती. का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. ते लुगडं तिनं खुरपणीत फाडलं. मग दर भाऊबीजेला वडील नवं हिरवं लुगडं नेऊ लागले.

१९९८ च्या उन्हाळ्यात धडधाकट सिद्धूमामाच झटक्यानं गेले. त्या भाऊबीजेला वडील रिकाम्या हातानं दारात उभे राहिले.

"हिरवं कसं आणू आक्का? आन् दुसरं आणाय हात धजंना."

आत्यानं त्यांना हाताला धरून आत घेतलं. "मालकांच्या नावाचं कवा नेसले मी? त्ये तुज्या नावाचं हाय. तू हाईस न्हवं अजून?"

वडिलांनी डोळे पुसले आणि बारामतीची एसटी धरली.