चौक्याच्या आत उघडली पाहिजे

दुसऱ्याच्या वेळेला आमच्या टेस्टिंगच्या काकांइतका जपणारा माणूस मराठवाड्यात तरी दुसरा झाला नसावा. लग्नाला ते इतक्या लवकर पोचतात, की एकदा मांडववाल्याने त्यांनाच यजमान समजून खुर्च्या कुठं मांडू विचारलं आणि काकांनी त्या मांडूनही घेतल्या. भरत आलेल्या लिफ्टमध्ये शिरताना मागून कुणी दिसला, की त्याला आत घालून स्वतः जिना चढतात. टपरीवाल्याला रिकाम्या ग्लासासाठी ताटकळावं लागू नये म्हणून उकळता चहा एका घोटात संपवतात. त्यांची जीभ मी ओळखतो तेव्हापासून भाजलेलीच आहे. वय पंचेचाळिशीचं, पण सगळं ऑफिस त्यांना काका म्हणतं, मालकसुद्धा.

आमचं ऑफिस ॲप बनवतं, काका ती तपासतात. एखादं ॲप किती वेगात चालतं हे मोजायला जगात नाना साधनं आहेत. काकांचं साधन म्हणजे अजिंठ्याची एसटी. गाव अजिंठा, कॉलेजची सगळी वर्षं त्याच एसटीत गेलेली. बटण दाबलं की डोळे मिटून कंडक्टरच्या सुरात सुरू करतात, "हर्सूल... सावंगी... चौका... फुलंब्री... आळंद... सिल्लोड..." स्क्रीन चौक्याच्या आत उघडली तर पास. फुलंब्री आली की कपाळाला आठी. बस अजिंठ्याला पोचली तर डोळे उघडून एवढंच म्हणतात, "उतरा." मग ते ॲप ज्याने बनवलं तो दिवसभर कुणाशी बोलत नाही. आमच्या मॅनेजर मॅडमनी त्यांना एकदा स्टॉपवॉच आणून दिलं. ते त्यांनी अदबीनं परत केलं. "यात सेकंद दिसतेत मॅडम. कंटाळा नाय दिसत."

तर मागे गुरांच्या डॉक्टरला बोलावण्याचं एक ॲप आम्ही केलं. शुक्रवारी ते लोकांसाठी सुटणार होतं आणि ते सुटलं की सोमवारपासून काका पुण्याच्या ऑफिसात जाणार होते. काकूंची बदली पुण्याला झाल्यापासून त्या आणि मुलगी तिकडेच होत्या. हे शनिवारी जायचे, रविवारी परत. पुण्याच्या जागेसाठी त्यांनी वर्षभर वाट बघितली होती, तक्रार न करता.

गुरुवारी काकांनी आम्हा सगळ्यांना तळघरातल्या पार्किंगमध्ये नेलं. तिथं रेंज खेड्यातल्यासारखी कशीबशी लागते. सगळ्यांनी एकदम 'डॉक्टर बोलवा' दाबायचं ठरलं. बस सुटली. सिल्लोड गेलं, अजिंठा आला, तरी फोनवर चक्र फिरतच होतं. "काका, आता जळगाव," कुणीतरी म्हणालं. हसलं कुणी नाही.

काकांनी हो म्हटल्याशिवाय आमच्याकडे काही सुटत नाही. मालकांनी त्यांना लगेच समोर बसवलं. "एवढी माणसं एका वेळी कशाला दाबतील, काका? आत्ता सोडू, दुरुस्ती मागून करू. थांबलो तर तुम्हाला हे काम अर्धवट टाकून जाता येणार नाही, आणि पुण्याला सोमवारी माणूस लागतोच. दुसरा पाठवावा लागेल." मालक वाईट नव्हते, आणि बोलत होते ते खरंही होतं. मी शेजारीच होतो, टेबलाखालून काकांचा पाय दाबला. त्यांनी "सॉरी" म्हणून पाय मागे घेतला.

"साहेब, एखाद्याची गाय अडली, तर तो अजिंठ्यापर्यंत थांबंल व्हय?" काका म्हणाले. "नाय सोडायचं."

ॲप तीन आठवडे उशिरा सुटलं. आता ते हर्सूललाच उघडतं. छान उघडतं हो, असं सांगायला अजून कुणाचा फोन आलेला नाही. पटकन उघडणाऱ्या गोष्टीकडे लक्ष जातं कुणाचं? पुण्याला दुसरा गेला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, तरी मला त्याचा राग येतो.

त्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही टपरीवर उभे होतो. काकांच्या मुलीचा फोन आला. फोनवर बोलताना स्पीकर लावायची त्यांची सवय.

"पप्पा, तुमचं पुण्याला यायचं कुठवर आलं?" घरातही हिशोब एसटीचाच, वाट बघायची ती चौक्यापर्यंत.

हातातल्या चहावर साय धरली होती. उभ्या आयुष्यात कुणाच्या स्क्रीनला एक थांबा माफ न केलेला हा माणूस म्हणाला, "हे काय बेटा, चौका आला बघ."

"मग झालंच की," ती म्हणाली.

"व्हय," काका म्हणाले, आणि तो गार चहा हळूहळू पीत राहिले.