तांदळाचं पुढे काय झालं?

माझ्या आतेभावाच्या लग्नात एकही अक्षता पडली नाही, आणि यात पूर्णपणे माझा हात होता.

हे कळायला आधी आमच्या घरातला कागद कळायला हवा. गिरणी बंद पडल्यावर बाबा परळच्या एका लहानशा छापखान्यात लागले. छापताना बिघडलेली पत्रकं ते घरी आणत. लालबागच्या आमच्या दीड खोलीत फळ्यांवर पत्रकं, डब्यांच्या तळाशी पत्रकं, भाकरी गुंडाळायला पत्रकं. बाराखडी पुरी होण्याआधी मी 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' वाचायला शिकले. (तिसरीत 'माझी आई' या निबंधाचा शेवट मी 'आईच्या मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत' असा केला होता. बाईंनी दहापैकी चार दिले. आईने ती वही अजून जपून ठेवली आहे.)

इंग्रजी मात्र मला आत्याने शिकवलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन गिरगावात गेली आणि एका कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होती. दर शनिवारी मी तिच्याकडे. ती भज्यांची पुडी आणायची, भजी ताटलीत काढायची आणि कागद माझ्यापुढे धरायची. कागदावर जे काही इंग्रजी असेल ते मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय भज्याला हात लावायचा नाही. भजी गार झाली तरी चालतील, वाक्य अर्धं सोडायचं नाही, असा तिचा नियम. विम्याचे फॉर्म, औषधांची माहिती, कोणाच्या तरी भाडेकराराचं दुसरं पान, हे सगळं मी भज्यांच्या आशेवर वाचलेलं आहे.

तर अशा आत्याच्या निखिलचं लग्न ठरलं. अक्षता तिने स्वतः रंगवल्या. पातेलंभर तांदूळ, कुंकू, आणि सबंध दुपार. मग पातेलं माझ्याकडे देऊन म्हणाली, पुड्या तूच बांध, तुझी घडी छान बसते. ती बसणारच. छापखान्यातल्या माणसाची मुलगी मी.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, म्हणजे लहान होते असं म्हणायचीही सोय नाही. तांदूळ फेकणं म्हणजे अन्नाची नासाडी, हे माझं मत पक्कं होतं. (अजूनही आहे.) मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'ही मूठ कोणाच्या ताटातली?' त्याच्या तीनशे प्रती काढल्या, सुरेख घड्या घातल्या आणि पुड्या बांधल्या. तांदूळ पातेल्यात तसेच राहिले.

दादरच्या हॉलमध्ये पहिलं मंगलाष्टक संपलं. 'शुभमंगल सावधान' झालं, तीनशे हात वर गेले आणि काहीच पडलं नाही. नुसती कागदांची सळसळ. दुसरं मंगलाष्टक चालू असताना पुढच्या रांगेने चष्मे लावले. एक आजोबा पत्रक मोठ्याने वाचू लागले, कारण आजी चष्मा घरी विसरल्या होत्या. मुलीचे मामा शेजाऱ्याला विचारत होते, ही कुठल्या शाळेची जाहिरात आहे का. तिसऱ्या मंगलाष्टकापर्यंत लोकांची समजूत झाली की हल्ली अशीच पद्धत असेल, आणि त्यांनी पुड्याच फेकल्या. एक पुडी निखिलच्या डोळ्याला लागली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्याचा एक डोळा मिटलेला आहे.

मी छोटं भाषणही तयार ठेवलं होतं. ते मला कोणी करायला सांगितलं नाही.

आत्या माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. एवढंच म्हणाली, "तुला पुड्या बांधायला दिल्या होत्या गं."

घरी आल्यावर मी तीन मुद्द्यांचं निवेदन केलं. एक, मी माफी मागणार नाही. दोन, गिरगावला जाणार नाही. तीन, या भूमिकेत सगळं घर माझ्या पाठीशी राहील. आई म्हणाली, जेवून घे. बाबांनी मान हलवली. तो पाठिंबा आहे असं मी धरून चालले. (इतकी वर्षं सभा ऐकलेल्या माणसाला मान कशी हलवायची ते ठाऊक असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.)

आठ महिने गेले. माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या घरातून कोणी आत्याचं नावही काढलं नव्हतं. बाबा दर मंगळवारी भायखळ्याला गुडघे दाखवायला जायचे, तेवढीच काय ती त्यांची बाहेरची फेरी. मी त्यांचं कौतुक करायचे, या वयात माणूस इतका नियमाने जातो म्हणून. शनिवार मात्र जाता जात नसे. भजी आणली की मी कागद वाचायचे आणि ऐकायला कोणी नसायचं.

याच काळात मला काम मिळालं. ही बातमी खरं तर पहिल्यांदा आत्यालाच सांगायची होती, इतकं ते तिचं काम होतं. तैवानमधल्या, चिनी बोलणाऱ्या शाळकरी मुलांच्या इंग्रजीच्या सरावासाठी वाचनाचे उतारे लिहायचे. व्याकरण दुसरं कोणी बघायचं, शब्दांचे तक्ते तिसरं कोणी. माझ्याकडे उतारे, त्यांखालचे प्रश्न आणि उत्तरसूची.

अट एकच होती. त्यांनी दिलेल्या यादीतलेच शब्द वापरायचे. मी यादी उघडली आणि हादरले. शोषण नाही. निषेध नाही. व्यवस्था नाही. संघर्ष तर नाहीच नाही! होतं काय, तर आई, भात, कागद, रडणे, विचारणे, उचलणे. बारा वर्षांच्या मुलाला कळेल तेवढंच. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला हे म्हणजे चपलेशिवाय रस्त्यावर उभं करणं.

चार उतारे कसेबसे झाले. पाचव्याला विषय सुचेना, म्हणून मी निखिलचं लग्न लिहायला घेतलं. तैवानमध्ये गिरगावचं कोण वाचणार? शिवाय माझ्यावर अन्याय झाला होता आणि तो कुठेतरी नोंदवला जायला हवा होता. यादीतल्या शब्दांत तो असा उतरला. एका मुलीच्या आत्याच्या घरी लग्न होतं. आत्याने तिला कागदांत तांदूळ बांधायला सांगितले. मुलीने तांदूळ बांधले नाहीत. तिने कागदावर लिहिलं, तांदूळ फेकू नका. लोकांनी कागदच फेकले. एक कागद नवऱ्या मुलाच्या डोळ्याला लागला. आत्या रडली. मुलगी शूर होती.

उतारा एका वाक्याने कमी भरत होता. लांबी पुरी करायची म्हणून, केवळ म्हणूनच, मी आणखी एक वाक्य घातलं. मुलीच्या वडिलांनी जमिनीवरचे कागद एकेक करून उचलले आणि त्यांची नीट घडी घातली. तेही खरंच घडलं होतं. मी ते पाहिलं होतं आणि विसरले होते.

खाली प्रश्न. या गोष्टीत शूर कोण? उताऱ्यातली ओळ पुरावा म्हणून लिहा. आता आत्याने काय करावं? तुमच्या मनात कोणता प्रश्न येतो? शूर कोण याचं उत्तर मी सूचीत आधीच देऊन टाकलं होतं. मुलगी.

आठवड्याने तिथल्या शिक्षिकेने, लिन मॅडमनी, एका वर्गाच्या सव्वीस मुलांची उत्तरं स्कॅन करून पाठवली. तिघं सोडून सगळ्यांनी लिहिलं होतं, वडील. पुरावा म्हणून सगळ्यांनी तीच ओळ लिहिली होती, माझी भरतीची. एकाने चित्रही काढलं होतं, वाकलेला माणूस आणि खूप कागद. उरलेल्या तिघांपैकी एकाने नवरा मुलगा लिहिलं, कारण डोळ्याला लागूनही तो तिथेच उभा राहिला. एकीने आत्या लिहिलं. माझ्या बाजूचा मुलगा एकच निघाला, आणि त्याच्या उत्तरावर लिन मॅडमनी काट मारली होती. पुढे लिहिलं होतं, मुलगी शूर होती असं उतारा म्हणतो, दाखवत नाही.

बाकीची उत्तरं तर विचारूच नका. मुलीने आधी विचारायला हवं होतं. तांदूळ फेकू नये हे बरोबर, पण कागदही झाडापासूनच होतो. आत्याने मुलीला घरी बोलवावं आणि भात वाढावा. शेवटी एका मुलीचा प्रश्न होता. उताऱ्यात तांदळाचं पुढे काय झालं ते नाही. ते कोणी खाल्ले का?

कुंकवाने लाल झालेले तांदूळ कोण खाणार? मी वाचवले म्हणत होते ते तांदूळ कोणाच्याच ताटात जाणार नव्हते. तीनशे लोकांच्या सभागृहात हे कोणालाच सुचलं नव्हतं, मला तर नाहीच.

पण माणूस इतक्या सहज शरण जात नाही. मी लिन मॅडमना दोन पानी पत्र लिहिलं, त्यात यादीबाहेरचे सगळे शब्द वापरून घेतले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. आपलं पत्र वाचलं. मुलगी शूर आहे हे दाखवणारी ओळ कृपया कळवावी, म्हणजे सूची तशीच ठेवता येईल.

ओळ नीट शोधावी म्हणून मी उतारा, सूची आणि ती सगळी उत्तरं खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी फळी रिकामी.

"आई, इथले कागद कुठे गेले?"

"ते चिनी पोरांचे? मागून कोरे होते ना?"

आमच्या घरात मागून कोरा कागद दोन दिवसांच्या वर टिकत नाही, हे मी विसरले होते.

"कोकमाची सोलं बांधली त्यांत," आई म्हणाली. "गावाहून आलेली."

"कोणासाठी?"

आईने उगाचच भांडं घासायला घेतलं. मग म्हणाली, "वन्संसाठी. बाबा घेऊन गेले."

"बाबा तर भायखळ्याला गेलेत. गुडघे दाखवायला."

"गुडघ्यांना काय झालंय त्यांच्या? तिकडे तीन जिने चढून जातात."

चौकशीअंती कळलं ते असं. लग्नाला तीन दिवस झाले आणि बाबा गिरगावला गेले, ते त्यानंतर प्रत्येक मंगळवारी. आईही महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येत होती. निखिल आणि त्याची बायको ऋता मी घरी नसताना दोनदा आमच्याकडे जेवून गेले होते. म्हणजे बहिष्कार होता, कडकडीत होता, फक्त तो एकटी मी पाळत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तू पत्रक काढलं असतंस," आई म्हणाली.

बाबा संध्याकाळी आले आणि त्यांनी तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सोलांचे जांभळे डाग पडलेले ते सगळे कागद, हाताने सरळ केलेले. पुडीचा कागद वाचल्याशिवाय आत्या टाकत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. तिने लाल पेन्सिलने सगळे पेपर तपासले होते. वडील लिहिणाऱ्या प्रत्येकाला बरोबरची खूण. झाडापासून कागद म्हणणाऱ्याला 'छान'. भात वाढावा म्हणणाऱ्याला दोन वेळा 'छान'. माझ्या उत्तरसूचीपुढे, 'पुन्हा परीक्षेला बसावं'. आणि त्या मुलीच्या प्रश्नाखाली, टायपिस्टच्या सुबक इंग्रजीत, 'तांदूळ माझ्याकडे डब्यात आहेत. ज्याचं काम राहिलंय त्याने येऊन करावं.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी अक्षरं पुसट दिसायला लागली.

"काय लिवल्यान?" बाबांनी विचारलं. इंग्रजी अक्षरं त्यांना जुळवता येतात, अगदी शिशाच्या टाइपातली उलटीसुद्धा, पण वाचून अर्थ लागत नाही. मी सांगितलं. ते म्हणाले, मंगळवारी पाच वाजता निघू.

बसमध्ये मी माफीचा मसुदा पुरा केला. तीन मुद्दे, एक प्रस्तावना. गिरगावच्या तिसऱ्या मजल्यावर आत्या दारातच उभी होती. आठ महिन्यांत तिचे केस बरेच पांढरे झाले होते.

"भाषण आणलंयस?"

"हो."

"दे इकडे."

तिने दारात उभ्याउभ्याच लाल पेन्सिल फिरवली. प्रस्तावना गेली. मुद्दा दोन गेला, तीन गेला, पहिल्यातलंही बरंच गेलं. कागद परत देऊन म्हणाली, "एवढं वाच. मोठ्याने."

मी वाचलं. "आत्या, मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"ये आत," ती म्हणाली. "भात टाकलाय."

पण भाताआधी डबा निघाला. निखिल आणि ऋताला तिने कॉटवर शेजारी बसवलं आणि माझ्या ओंजळीत लाल तांदूळ ओतले. मी म्हणाले, आत्या, माझं मत अजून तेच आहे हं. ती म्हणाली, असू दे की, मत घरी ठेवून यायला कोणी सांगितलंय? निखिलने या खेपेस आधीच दोन्ही डोळे मिटून घेतले. मी अक्षता टाकल्या. ऋता हसली, आत्याने डोळ्यांना पदर लावला.

मग ती म्हणाली, "आता उचल. एकेक करून. चिमण्यांना घालू."

तेव्हा मी गुडघ्यांवर बसले. तांदूळ कॉटखाली गेले होते, ट्रंकेमागे गेले होते, शिवणयंत्राच्या पायडलखाली गेले होते. पंधरा मिनिटांत माझी कंबर धरली. कपाटाखाली हात पोचेना, तेव्हा मी मागे वळून बघितलं. आमच्या गोष्टीतला शूर माणूस खुर्चीत पाय पसरून चहा पीत होता.

"बाबा, जरा हात लावा ना."

बाबांनी बशी सावकाश खाली ठेवली.

"लावला असता गो बाय," ते म्हणाले, "पण मंगळवारी माझे गुडघे दुखतात."