अण्णांची शेवटची भिंत

माझं डोकं पटकन तापतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सकाळी तर भाजीची पिशवी रस्त्यातच ठेवून मी भांडायला उभी राहिले. नाशिकरोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक लांबलचक भिंत आहे. तिच्यासमोर चित्रकलेच्या कॉलेजातल्या तीन मुली रंगाचे डबे उघडून बसल्या होत्या.

"कोणाला विचारून?" मी आवाज चढवला.

"काकू, परवानगी आहे आमच्याकडे," त्यांच्यातली चष्मेवाली म्हणाली आणि तिनं चित्राचा कागद पुढे केला. द्राक्षं खुडणाऱ्या बायका, भिंतभर. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू! पण त्या भिंतीवर माझ्या वडिलांची अक्षरं होती.

अण्णा पेंटर होते. दिंडोरी रोडच्या कितीतरी भिंती त्यांनी रंगवल्या. बियाणं, फवारणीची औषधं, मंगल कार्यालयं. गेरूत भिजवलेला दोरा ताणून फटकन सोडायचा, रेघ उमटली की लागलीच ब्रश. अक्षरं कधी मोजली नाहीत, तरी शेवटचं अक्षर कडेला बरोब्बर बसायचं. काय हात होता हो! मग फ्लेक्स आले आणि काम थांबलं. त्यांच्या भिंती एकेक करून गेल्या. कुठे नवा रंग बसला, कुठे भिंतच पाडली. उरली ही एकच, सायकलच्या दुकानाची जाहिरात. दुकान केव्हाच बंद पडलंय. अण्णा मात्र रोज फिरायला जाताना तिथे जरा थांबतात.

हे सगळं मी त्या मुलींना सुनावलं. बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आम्ही तेवढा भाग सोडू का?" चष्मेवालीनं विचारलं. तेवढ्यात अण्णाच आले. म्हटलं, बरं झालं, आता माझी बाजू घेतील.

त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "झकास!" म्हणाले. मग भिंतीवर नख ओढून बघितलं. "पोरींनो, हा ऑइल पेंट आहे. यावर तुमचा रंग धरायचा नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतील. आधी हे सगळं खरवडायला हवं." घरी गेले आणि खरवडायचा पत्रा, पॉलिश पेपर घेऊन परत आले.

पहिल्याच अक्षराला त्यांनी पत्रा लावला, तसा मी हात धरला. "अण्णा, अहो, शेवटचं आहे हे तुमचं!"

"मी लिहिलं तेव्हा काय भिंत कोरी होती? कुणाचं तरी घासूनच लिहिलं," ते म्हणाले. "आणि काम चांगलं आहे गं त्यांचं. टिकायला पाहिजे."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि खरं सांगते, त्यांचा इतका अभिमानही कधी वाटला नव्हता. त्यांनी एक पॉलिश पेपर माझ्या हातात कोंबला. मी घासायला लागले, आणि डोळ्यांना धार लागली ती थांबेचना.

अण्णांनी वळून पाहिलं. "डोळे पूस आधी," खेकसले, "भिंत ओली झाली तर प्रायमर बसायचा नाही."