धडा तिसरा : फ्रेंड्स अँड रिलेशनशिप्स

ज्या कुणी इंग्रजीच्या पुस्तकात मैत्रीच्या धड्यामागे शब्दांची ती यादी छापली, त्याला आयुष्यात जवळचं कुणीच नसावं. 'क्लोज फ्रेंड', 'सोलमेट', 'वुई शेअर एव्हरीथिंग'. सगळे शब्द धुऊन इस्त्री केलेले! कुपवाडला आमच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात हा धडा मी दर बॅचला शिकवते, आणि दर बॅचला कुणीतरी असं काही बोलून जातं की ते डोक्यातून जात नाही. साठतच राहतं. क्लासनंतर चहाच्या गाड्यावर मी ते मैत्रिणींना सांगते. त्या हसतात. आधी मलाही हसू यायचं.

*

माने काका फौजेतले रिटायर्ड हवालदार. सिक्युरिटी सुपरवायझरच्या नोकरीसाठी इंग्रजी शिकायला आले होते. 'क्लोज फ्रेंड' म्हणजे ज्याला आपल्याबद्दल सगळं ठाऊक असतं, असं मी पुस्तकातलं वाचून दाखवलं. काकांनी हात वर केला. बर्फातल्या चौकीवर एका पंजाबी जवानाबरोबर त्यांनी अख्खा हिवाळा काढला होता. एका ताटात जेवले, एका रजईत झोपले.

"पर त्याला पोरं किती, मला ठावं न्हाई. कवा इचारलंच न्हाई," काका म्हणाले. "मग त्यो क्लोज न्हवता व्हय?"

होता, म्हटलं.

"मग पुस्तकात दुरुस्ती करा," म्हणाले आणि खाली बसले.

*

सचिन फौंड्रीत कामाला. त्या दिवशी आम्ही भांडण मिटवण्याचा सराव करत होतो : आधी सॉरी, मग कारण, मग पुन्हा मैत्री. तो म्हणाला, माझंच सांगतो. जिवलग दोस्ताशी त्याचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. मग दोस्ताचे वडील वारले. हा कुणी न बोलावता गेला, लाकडं रचली, शेवटपर्यंत थांबला. निघताना दोस्त एवढंच म्हणाला, "परवा सावडायला ये." झालं, मिटलं.

मी आपली पुस्तकाला धरून. विचारलं, पण सॉरी आधी कोण म्हणालं?

सचिन म्हणाला, "मॅडम, त्याचा बाप गेलावता."

*

सोनाली कवठे महांकाळची, दिलेली इथं जवळच. नवरा परदेशात, लग्नानंतर महिन्याभरात परत गेलेला. त्याच्याकडे जायचं तर व्हिसासाठी आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा पास करावी लागते. एकदा ती नापास झाली होती. तिच्या वडिलांचा मला फोन आला : या वेळी गेली नाही, तर लोक काय म्हणतील, पोरगी नांदत न्हाई म्हणतील. तुमी बघा.

तिच्याबरोबर सासूही यायची आणि मागच्या बाकावर बसायची. पहाराच! मला भयंकर राग यायचा.

एकदा विचारलं, सोनाली, नवऱ्याचं काय आवडतं? तिनं मागं वळून बघितलं. मागून सासू म्हणाली, "शांत हाय म्हन की."

मी इंग्रजी करून दिलं. सोनालीनं ते पाठ केलं.

*

नंतर नवऱ्यानंच व्हॉट्सॲपवर तयार उत्तर पाठवलं. माय हसबंड इज केअरिंग, सपोर्टिव्ह, ही अंडरस्टँड्स मी. सोनालीनं एका दमात म्हणून दाखवलं, एक चूक नाही. मी मध्येच विचारलं, तो कशावर हसतो?

"मॅडम, हे त्यात न्हाई."

मग त्यालाच विचार, म्हटलं. दुसऱ्या दिवशी आली. विचारलंस? हो. काय म्हणाला?

"म्हनाला, परीक्षेत असलं कुनी इचारत न्हाई."

*

सोनाली पास झाली. पेढे घेऊन दोघी क्लासात आल्या. सासूनं बाकाबाकाशी जाऊन पेढा दिला, माने काकांना दोन. तिकीट निघालं होतं. सासू खाली रिक्षा थांबवायला गेली, तेव्हा जिन्यात सोनालीनं मला परीक्षेचं सांगितलं.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, तुझ्या बेस्ट फ्रेंडबद्दल बोल. सोनालीला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. तोंडात आलं ते बोलली. सासूबद्दल बोलली. रोज जेवणं झाली की दोघी एका मोबाइलवर कोरियन सीरियल बघतात. सासूला खालच्या ओळी वाचता येत नाहीत, म्हणून सोनाली अर्थ सांगते, आणि शेवट वाईट असला तर बदलून सांगते. सासूला ते कळतं, पण ती तसं दाखवत नाही. नवऱ्याचा फोन आला नाही की सासूच तिच्या डोक्याला तेल लावते आणि म्हणते, माझ्याशीबी कवा बोलला न्हाई त्यो, तू मनाला लावून घिऊ नको. सासरे नाहीत, सासूला दुसरं मूल नाही. ती आणि मी, एवढंच घर, असं म्हणाली.

हे सगळं इंग्रजीत, मोडकंतोडकं. वेळ संपली तरी बाईंनी तिला थांबवलं नाही. मग त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं, कागदावर सही केली, आणि मराठीत विचारलं, "मग जाताय कशाला?"